आंबील आणि वेळापत्रक

विलायतेत आणि अमेरिकेत घरच्या घरी बिअर करण्याचा छंद पुष्कळांना आहे. इंग्लंडात १९६३ साली त्यासाठी लागणारा परवाना रद्द झाला, अमेरिकेत १९७८ साली तशी मुभा देणारा कायदा झाला. कचेरीतून दमूनभागून आलेले गृहस्थ हा उद्योग केव्हा करतात, याचे मला कुतूहल वाटे. आपल्याकडे तो प्रश्न नाही. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याने विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हाच आहे. मराठीच्या प्राध्यापकाने त्या वाटेला न गेलेले बरे! पण धान्य आंबवून पेय करण्याची विद्या मराठवाड्याला बाहेरून आणावी लागत नाही. आमची ज्वारीची आंबील आहे.

शब्द पाहा. आंबट, आंबणे, आंबील ही सारी ‘अम्ल’ या एकाच घरची भावंडे. शेजारच्या कानडी मुलखात हिलाच अंबली म्हणतात.

बिअर आणि आंबील यांत फरक कोठे पडतो? बिअरसाठी सातूला मोड आणतात. त्यामुळे पिठूळ अंशाची साखर होते आणि यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. आंबिलीत राज्य ताकातल्या जंतूंचे. ते साखरेचे आम्ल करतात. हे आंबणे सजीवांचे काम आहे, असे लुई पाश्चरने १८५७ साली मांडले. आमच्या आजीला पाश्चर ठाऊक नव्हता. थंडीत मडक्याला घोंगडी गुंडाळावी, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

आंबिलीचा खरा मान वेळ अमावस्येला. लातूरकडे हिला येळवस म्हणतात. ही मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतरची दुसरी. त्या दिवशी लातूर शहर ओस पडते, सारे शेतावर. कडब्याची खोप करून पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. ज्याला शेत नाही, त्याला आग्रहाचे बोलावणे असते.

आता वेळापत्रक. माझी नोकरी नांदेडला, बिऱ्हाड लातूरला, सौभाग्यवती बँकेत आणि आईचे हात संधिवाताने आखडलेले. दोन वर्षे आंबील शेजारणीने दिली. तिसऱ्या वर्षी आई म्हणाली, “आपल्या घरचं मडकं रिकामंच राहणार का रे?” त्यावर उत्तर देण्यापेक्षा पीठ भिजवणे सोपे होते.

हिशेब उलटा करायचा. अमावस्येला शेतावर जायचे, तर आदल्या दिवशी शिजवायचे आणि त्याच्या आदल्या रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचे. या कामाला दहा मिनिटे पुरतात. सकाळी आंबटसर वास आला नाही, तर संध्याकाळपर्यंत थांबावे; मे महिन्यातल्या नांदेडच्या उन्हात जे एका रात्रीत होते, त्याला पौषाच्या तोंडावर जास्त वेळ लागतो. मग पाण्याला उकळी आणून त्यात लसूण, मिरची, जिरे आणि मीठ घालावे, आंबलेले पीठ धारेने सोडावे आणि हात न थांबवता ढवळावे; थांबला की गुठळ्या! निवल्यावर ताक घालून मडक्यात भरावे. यात अर्धा-पाऊण तास जातो. बाकीचे तास आंबिलीचे. त्यात आपण पेपर तपासावेत, खुशाल झोपावे.

हेच मला महत्त्वाचे वाटते. “वेळ नाही” म्हणून आपण जे सोडतो, त्यातल्या पुष्कळ गोष्टींना आपला वेळ थोडाच लागतो; लागते ती दोन दिवस आधीची आठवण. ती आजवर घरातल्या बायकांनी एकट्याने वाहिली, म्हणून पुरुषांना हे सण आपोआप होतात असे वाटले. आता स्त्रियाही घड्याळाला बांधल्या गेल्या आहेत. घरातील इतरांनी ही आठवण वाटून घेतली, तरच मडकी भरतील.

आमच्या घरी दिनदर्शिका आली की आई पहिल्यांदा मार्गशीर्षाचे पान काढते आणि अमावस्येच्या आदल्या दोन चौकटींत माझे नाव लिहून ठेवते.