हिशेबाचं फुकट अ‍ॅप: कोणतं घ्यावं?

मैत्रिणींनो, घरखर्चाची वही आता मोबाईलवर ठेवता येते, तीही फुकट. पण सगळी अ‍ॅप सारखी नसतात.

काही अ‍ॅप बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप टिपतात. लिहायचे कष्ट वाचतात. पण भाजीला दिलेले रोख पैसे, भिशीचा हप्ता त्यांना कळत नाही. शिवाय मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागते, आणि ओटीपीसुद्धा तिथेच येतात. विचार करूनच ‘हो’ म्हणा.

गूगल शीट्समध्ये रकाने आपण आखायचे, बेरीज ते करतं. नवरा-बायको दोघांनाही एकच वही दिसते.

जीनूकॅश १९९८ पासून आहे. हिशेब आपल्याच कॉम्प्युटरमध्ये राहतो. जमा-नावे मात्र शिकावं लागतं. पापड-मसाल्याचा घरगुती धंदा असेल तर ते शिकणं कामी येतं.

अमेरिकेत मिंट हे फुकट अ‍ॅप लाखो लोक वापरत होते. २०२४ मध्ये ते बंद झालं. म्हणून आधी एक बघा: आपला हिशेब फाईल करून बाहेर काढता येतो का? येत असेल, तर दर महिन्याला काढून ठेवा. अ‍ॅप गेलं तरी हिशेब आपल्या हाती राहील.