नाकापेक्षा मोती जड!
(ऑफ-रोड गाडीसाठी विंच बंपर निवडताना)

पार्किंगमध्ये एखादी चिखलाने माखलेली जीप उभी दिसली, की दोन मिनिटांत तिच्याभोवती घोळका जमतो. आणि घोळक्याची नजर आधी कुठे जाते? पुढच्या काळ्याकुट्ट लोखंडी बंपरवर आणि त्यात बसवलेल्या विंचवर! "काय सॉलिड दिसतंय यार!" ही पहिली प्रतिक्रिया. "कितीला पडला?" हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि खरं तर तोच पहिला असायला हवा : "हा बंपर कशाला लावलाय?"

मराठीत या 'कशाला'चे दोन अर्थ होतात. एक म्हणजे कशासाठी, आणि दुसरा म्हणजे कुठल्या भागाला. मित्रांनो, विंच बंपर निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन अर्थांत आहे. रंग, एल.ई.डी. दिवे आणि ब्रँड या गोष्टी नंतरच्या.

विंच म्हणजे नक्की काय?

विंच म्हणजे मोटर, गिअरबॉक्स आणि दोर गुंडाळायचा ड्रम. गाडी चिखलात रुतली की दोर समोरच्या झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधायचा, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी चालकांसाठी विजेवर चालणारी विंच आणली, तेव्हापासून ती जीपवाल्यांच्या आवडीची झाली. आपल्याकडे गोव्यात २०१४ पासून भर पावसात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत तर विंचशिवाय पान हलत नाही.

पण कंपनीच्या बंपरमध्ये विंच बसत नाही. तो बहुतेक प्लॅस्टिकचा असतो आणि आतली पट्टी धडकेत चेपण्यासाठी केलेली असते, ओढण्यासाठी नाही. म्हणून बाहेरून वेगळा बंपर घ्यावा लागतो. त्याचं खरं काम एकच : विंचची ओढ चॅसिसपर्यंत सुखरूप पोचवणं. बाकी सगळा साजशृंगार!

पहिला 'कशाला' : कशासाठी?

आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, वर्षातून किती वेळा आपण रुततो? दोन-तीन गाड्यांचा ग्रुप असेल तर एक चांगला ओढायचा दोर, शॅकल आणि फावडं यांवर बहुतेक वेळा भागतं. एकट्याने जायचं असेल तर हाताने चालवायचा तिरफोर आहे. घाम निघतो, पण त्याला ना बॅटरी लागते ना बंपर. आडवाटेला, एकट्याने, भर पावसात वारंवार जाणं होत असेल, किंवा स्पर्धेत उतरायचं असेल, तरच इलेक्ट्रिक विंचला अर्थ आहे. फोटोसाठी हवी असेल तर त्याहून स्वस्त मार्ग आहेत!

केवढी विंच?

एक सोपा नियम आहे : गाडीच्या एकूण भारित वजनाच्या किमान दीडपट. उदाहरणासाठी २०२३ मध्ये भारतात आलेली पाच दारांची जिम्नी घेऊ. रिकामं वजन सुमारे १२०० किलो, पूर्ण भरलेलं १५४५ किलो. त्याची दीडपट सुमारे २३२० किलो, म्हणजे साधारण ५१०० पौंड. विंच पौंडांत विकली जाते, म्हणून पुढचा मोठा आकडा ६००० पौंड, अर्थात २.७ टन.

आता एक मेख. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. मोटरचा टॉर्क तोच, पण वर जितके थर चढतील तितकी त्रिज्या वाढते आणि ओढ कमी होते. बल म्हणजे टॉर्क भागिले त्रिज्या, अकरावीचं फिजिक्स! म्हणून शक्य तेवढा दोर बाहेर काढून ओढावं, आणि क्षमता अगदी काठावरची घेऊ नये.

पण "मग १२,००० पौंडांचीच घेऊ की!" असंही नाही. विंच मोठी म्हणजे वजन जास्त, करंट जास्त. मोठ्या विंचची मोटर पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचते. एवढा अल्टरनेटर देऊच शकत नाही, उरलेला बॅटरीतून जातो. म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं ओढायचं, थोडं थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विंच मोठी झाली की बंपरवर येणारा भारही मोठा होतो.

दुसरा 'कशाला' : कुठल्या भागाला?

इथे आपल्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सच्या सरांची आठवण काढू आणि एक फ्री बॉडी डायग्राम मनातच काढू. झाड, पट्टा, हुक, दोर, ड्रम, विंचखालची प्लेट, ब्रॅकेट, बोल्ट, चॅसिस. ही एक साखळी आहे. झाडापासून चॅसिसपर्यंत तेच २.७ टन प्रत्येक कडीतून जातात. साखळीची ताकद म्हणजे तिच्या सगळ्यात कच्च्या कडीची ताकद. पुढचा पत्रा ५ मि.मी. जाडीचा आहे हे विक्रेता अभिमानाने सांगतो, पण तो पत्रा या साखळीत बहुतेक वेळा नसतोच! तो फक्त झाकण आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा तो हाच.

आपण सगळे आधी बोल्टकडे बघतो. १२ मि.मी. व्यासाचा ८.८ ग्रेडचा एक बोल्ट शिअरमध्ये तुटायला साधारण ४ टन लागतात. असे चार असले तर १६ टन. म्हणजे बोल्ट सहसा वाचतो. फाटतं ते त्याच्या आजूबाजूचं. ब्रॅकेटचं भोक लांबट होतं, वेल्ड सुटतो, चॅसिसचं टोक वाकतं. म्हणून बघायचं ते ब्रॅकेटकडे : त्याची जाडी किती, दोन्ही बाजूंना चॅसिसला किती ठिकाणी पकड आहे, वेल्ड सलग आहे की नुसते टिपके मारलेत, भोक कडेच्या फार जवळ तर नाही ना.

शिवाय झाड नेहमी नाकासमोर सापडत नाही. दोर ३० अंशांनी तिरका गेला तर बाजूला ओढणारं बल २.७ टनांच्या निम्मं असतं, कारण साइन ३० म्हणजे अर्धा. हे १.३५ टन चॅसिसच्या पुढे आलेल्या टोकांना कँटिलिव्हरसारखं वाकवतात. सरळ ओढीला भक्कम असलेला बंपर तिरक्या ओढीत हार मानतो तो इथे.

पुली लावून दोर परत गाडीकडे आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा विंचवर २.७ टन येतात, आणि दोराचं दुसरं टोक ज्या हुकात अडकवलं त्या हुकावर आणखी २.७ टन. त्यामुळे बंपरवरचे शॅकल लावायचे डोळे नुसते पुढच्या पत्र्याला चिकटवलेले नकोत, ते पत्र्यातून आरपार जाऊन थेट ब्रॅकेटला जोडलेले हवेत. बंपरखाली वाकून बघा, लगेच कळतं.

नाकावर किती वजन?

आता शीर्षकातल्या मोत्याकडे येऊ. समजा, लोखंडी बंपर ४२ किलो आणि विंच २८ किलो, एकूण ७० किलो. "त्यात काय, एक माणूस जास्त बसला!" असं म्हणाल, पण माणूस दोन चाकांच्या मध्ये बसतो. हा भार पुढच्या आसाच्याही पुढे लोंबतो. जिम्नीचा व्हीलबेस २५९० मि.मी. आहे. भार पुढच्या आसाच्या ६०० मि.मी. पुढे आहे असं धरलं आणि मागच्या आसाभोवती मोमेंट घेतले, तर ७० गुणिले ३१९० भागिले २५९०, म्हणजे पुढच्या आसावर ८६ किलो वाढतात. आणि वरचे १६ किलो? ते मागच्या आसावरून कमी होतात. जुन्या बंपरचं वजन यातून थोडं वजा होईल, पण दिशा तीच राहते. पुढच्या स्प्रिंगा दबतात, ब्रेक लावला की नाक खाली जातं, आणि ज्या अडथळ्यासाठी हा खटाटोप त्यावर गाडीचं तोंड आधी आपटतं.

बंपर पुढे आला की अ‍ॅप्रोच अँगलही कमी होतो. ढोबळमानाने, बंपरची खालची कड जमिनीपासून ४०० मि.मी. वर आणि चाकाच्या ५५० मि.मी. पुढे असेल तर हा कोन ३६ अंश येतो. तीच कड ८० मि.मी. पुढे गेली तर तो ३२ अंशांवर येतो. म्हणून विंच बंपर आखूड आणि खालची कड वर उचललेला हवा. दोन्ही टोकांना चाकं उघडी राहतात तो आखूड प्रकार खडकाळ वाटेला उत्तम. पूर्ण रुंदीचा बंपर झाडीझुडपांत हेडलाइट वाचवतो, पण जड असतो.

वजन कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे विचारपूर्वक पत्रा वापरणं. ३ मि.मी. जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा साडेतेवीस किलो भरतो, ५ मि.मी.चा एकोणचाळीस. कडकपणा जाडीपेक्षा घडीने जास्त मिळतो, त्यामुळे नीट घडी घातलेला ३ मि.मी.चा पत्रा पुढे आणि जाड प्लेट फक्त विंचखाली, अशी रचना शहाणपणाची. दुसरा मार्ग म्हणजे स्टीलच्या वायर रोपऐवजी सिंथेटिक दोर. तो काही किलो वाचवतोच, पण मोठा फायदा वेगळा आहे. स्टीलचा दोर ताणाखाली तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, सिंथेटिक दोरात हा धोका खूप कमी. मात्र तो उन्हाने आणि धारदार दगडाने खराब होतो, आणि त्याला रोलरऐवजी गुळगुळीत हॉस लागतो. दोर कुठलाही असो, ओढताना मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही. यात तडजोड नाही.

जिवाचा प्रश्न

आता थोडं गंभीर बोलू. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असतो. समजा ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग ५० सें.मी. चेपला तर सरासरी मंदन सुमारे १० जी येतं. ताठ बंपरमुळे तो ४० सें.मी.च चेपला, तर साडेबारा जी. गाडी कमी चेपली म्हणून आपण खूश, पण ते उरलेलं आतल्या माणसाच्या छातीवर येतं. शिवाय एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर धडकेतल्या मंदनावरून ठरवतो, आणि ते गणित मूळ बंपर धरून केलेलं असतं. ताठ बंपरने ते बिघडलं तर एअरबॅग उशिरा किंवा भलत्याच वेळी उघडू शकते. म्हणून चांगले उत्पादक ब्रॅकेटमध्येच चेपणारा भाग ठेवतात आणि कुठल्या मॉडेलच्या एअरबॅगशी बंपर जुळतो हे लेखी देतात. लेखी नसेल तर घेऊ नका.

आणि बाहेरचा माणूस? पायी चालणाऱ्याला प्लॅस्टिकचा बंपर लागणं आणि लोखंडाची धार लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑस्ट्रेलियात रात्री ओसाड रस्त्यावर कांगारू आडवे येतात, म्हणून तिथे बुल बार रुजले. आपल्या रस्त्यावर गाडीसमोर येतात ती माणसं, दप्तर घेतलेली मुलं आणि सायकलवाले.

म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. त्याला आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत परवानगीशिवाय फेरफार न करण्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "दुकानात राजरोस विकतात की!" हा बचाव चालत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी डोकेदुखी होतो, ते वेगळंच.

मग हौशी माणसाने काय करायचं? स्पर्धेची गाडी वेगळी ठेवून ट्रेलरवरून न्यायची. किंवा मूळ बंपर तसाच ठेवून मागच्या हिचच्या चौकोनी नळीत बसणारी, काम झालं की काढून ठेवायची विंच घ्यायची, तीही चॅसिसची ताकद तपासूनच. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला काही लावण्याआधी आर.टी.ओ.त जाऊन विचारावं, हे उत्तम.

खरेदीला जाताना

एवढं सगळं वाचूनही घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला हे विचारा :

१. बंपर माझ्याच मॉडेलसाठी आहे की 'सगळ्यांना बसतो'? सगळ्यांना बसणारं कुणालाच नीट बसत नाही.
२. विंचसकट एकूण वजन किती? वजनकाट्यावर दाखवा.
३. ब्रॅकेट किती क्षमतेच्या विंचसाठी डिझाइन केलंय, आणि ते लेखी आहे का?
४. रेडिएटरची हवा अडते का? नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात का?
५. चिखल-पाणी निघायला भोकं आहेत का? कोकणातल्या पावसात आत साचलेला चिखल पावडर कोटिंगखालून लोखंड खातो.
६. विंचचा क्लच आणि दोर हाताला येतात का? गुडघाभर चिखलात पाना घेऊन बंपर उघडावा लागला तर काय उपयोग!

उत्तरं देताना विक्रेता अडखळला आणि "अहो, दिसतो तर भारी ना?" म्हणाला, तर त्याला नमस्कार करून बाहेर या. रुतलेल्या गाडीला दिसणं बाहेर काढत नाही, साखळीतली प्रत्येक कडी काढते. आणि नाकात मोती घालायचाच असेल, तर आधी नाकाची ताकद मोजून घ्या!