तंबू वेशीबाहेर

मंडळी, डिसेंबर उजाडला की ओळखीची तरुण पोरं विचारतात, "चाचा, चांदोलीत तंबू टाकून राहता येतं का हो?" मी कविता लिहिणारा माणूस, वनखात्याचा नव्हे. पण वारणेच्या काठानं पुष्कळ भटकलोय, म्हणून विचारत असतील. उत्तर सोपं आहे. जंगलात नाही, जंगलाच्या वेशीबाहेर. ते ऐकून पोरांची तोंडं उतरतात.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते पसरलं आहे. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. शिराळ्याकडून मणदूरला गेलं की उद्यानाचा दरवाजा लागतो. परवानगी काढायची, दिवसा आत जायचं आणि दिवेलागणीच्या आत बाहेर यायचं. साताऱ्याकडून बामणोलीहून लाँचनं वासोट्याला जाणाऱ्यांनाही हाच नियम. मुक्काम करायचा तो वेशीवरच्या गावात किंवा शिवसागराच्या काठावर.

एका हिवाळ्यात आम्ही चौघांनी जलाशयाच्या अगदी काठाशी तंबू ठोकला. चांदणं पाण्यात पडावं ही हौस माझी. पहाटे नमाजाला उठलो तर तंबूचं कापड आतून ठिबकत होतं. वुजूला पाणी शोधायची गरज नाही, असं एक मित्र म्हणाला! कारण साधं आहे. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहत येते आणि खोलगट जागी साचते. त्यात पाण्याजवळची दमट हवा आणि बंद तंबूत चौघांचे श्वास. थंडगार कापडाला लागून त्याचंच दव होतं. तंबू थोड्या उंचवट्यावर लावावा आणि दोन्ही बाजूंची जाळी उघडी ठेवावी, हे त्या रात्रीनं शिकवलं. पश्चिमेचा कडा उतरला की कोकण, आणि समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. पावसाळ्यात तिथला वारा या कड्यांना धडकतो, म्हणून तर हे रान सदाहरित. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, आणि जळवांनाही पाहुण्यांची फार आवड!

खाण्याचं सामान तंबूत ठेवू नये. रानडुकराला वास लागतो, अस्वलालाही. शेकोटी गावकरी सांगतील तिथंच करावी. हिवाळा सरता सरता सड्यावरचं गवत काडीसारखं वाळतं आणि एका ठिणगीचा वणवा होतो. आणि स्पीकर घरी ठेवावा. तो कशाला आणतात, मला अजून कळलेलं नाही.

पण आत का राहू देत नाहीत, याचं उत्तर मला एका पुनर्वसित वसाहतीत मिळालं. चांदोलीच्या आत पूर्वी गावं होती. धरण झालं, पुढं अभयारण्य झालं आणि ती माणसं उठली. वसाहतीतले एक म्हातारे चहा पाजता पाजता म्हणाले, "भाई, आमची भातखाचरं हुती तितं आता नुसतं गवात हाय. गवं चरत्यात. आमी चूल काढून दिली, आन् तुमी तितं तंबू ठोकणार व्हय?"

मी कप खाली ठेवला. पडक्या जोत्यांभोवतीची ती कुरणं मी दिवसा पाहिली होती. गवे, सांबर तिथंच येतात, आणि त्यांच्या मागावर शिकारी जनावरं. २०२५ साली ताडोबाहून एक वाघीण आणून इथं सोडली, तीही याच शिकारीच्या भरवशावर. गवा दिवसा माणूस पाहिला की झाडीत शिरतो. अंधार पडल्यावर मात्र तो उघड्यावर येतो. त्याच कुरणात आमची बॅटरी लागली तर बिचारा चरणार कधी?

म्हाताऱ्यांना मी विचारलं, "पुन्हा गेला होतात का गावाकडं?"

"एकदा," ते म्हणाले. "दिस मावळायच्या आत बाहीर आलो. मलाबी त्योच नेम."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)