आठ पायांची चिप आणि बाहेरचं घड्याळ

१९६९ साली नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टेअर या दोघांनी आवाज काही क्षण अडवून ठेवणारं एक सर्किट मांडलं. तोवर प्रतिध्वनी हवा तर बहुतेक वेळा फिरत्या टेपचं यंत्र लागायचं. टेप झिजायची, मोटरचा वेग डळमळायचा. नव्या युक्तीत हलणारं काहीच नव्हतं. आग विझवताना रांगेतली माणसं पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसा इथे एक कपॅसिटर आपल्यातला विद्युतभार शेजारच्याकडे सरकवतो. सरकवण्याचा इशारा बाहेरचं क्लॉक देतं. इशारे भराभर आले तर आवाज लवकर बाहेर पडतो, सावकाश आले तर रेंगाळतो. चिपचं नावही ‘बकेट ब्रिगेड’ असंच पडलं.

पुढे जपानच्या मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, या चिप्स घाऊक बनवल्या. एमएन३००७ मध्ये अशा कपॅसिटरचे १०२४ टप्पे, एमएन३००५ मध्ये ४०९६. पहिली बॉस कंपनीच्या सीई-२ या कोरस पेडलमध्ये बसली, दुसरी डीएम-२ या डिले पेडलमध्ये. गिटारवादक ही पेडल्स अजून जिवापाड जपतात. पण पॅनासॉनिकने उत्पादन केव्हाच थांबवलं. काही चिप्स आता दुसरे कारखाने बनवतात, तरी हवी ती चिप मिळेलच असं नाही. वर जुना क्रमांक छापलेली भलतीच चिप गळ्यात पडते ती वेगळीच. म्हणून मग त्याच सॉकेटमध्ये बसणारी, आतून डिजिटल असलेली बदली चिप तयार करण्याचा खटाटोप.

साठवणीचा प्रश्न हास्यास्पद म्हणावा इतका सोपा. दर दोन टप्प्यांमागे आवाजाचा एकच नमुना धरला जातो, कारण भार पुढे घ्यायला शेजारची जागा रिकामी लागते. म्हणजे ४०९६ टप्प्यांत २०४८ नमुने. सोळा बिटांनी लिहिले तर चार किलोबाइट! क्लॉक १० किलोहर्ट्झचं असेल तर एवढ्यात २०४.८ मिलिसेकंदांचा विलंब मिळतो. या चिपला ‘अस्सल अ‍ॅनालॉग’ म्हणून मिरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. तिच्यातल्या भाराचं मूल्य अखंड बदलतं हे खरं, पण काळाचे तुकडे तिने डिजिटल यंत्रासारखेच पाडलेले असतात.

खरी कसोटी घड्याळाची. आपल्या नेहमीच्या ऑडिओ चिप्स ठरलेल्या, स्थिर गतीने नमुने घेतात. कोरस पेडलमध्ये मात्र क्लॉक मुद्दाम झुलवलेलं असतं. त्या झुलण्यानेच सूर किंचित वर-खाली होतो आणि एका गिटारच्या दोन झाल्याचा भास होतो. तेव्हा बदली चिपने स्वतःची लय न धरता पेडलच्या प्रत्येक इशाऱ्यावर नमुना घ्यायचा, जुना बाहेर टाकायचा, नवा त्याच जागी लिहायचा. १०० किलोहर्ट्झला या सगळ्यासाठी हातात फक्त दहा मायक्रोसेकंद उरतात. प्रतिसाद कधी थोडा लवकर, कधी थोडा उशिरा आला, तर वरच्या पट्टीतल्या स्वरांवर खरखर चढते. त्यामुळे इशारा मिळताच मोजमाप करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि वेळेची बांधिलकी सॉफ्टवेअरवर न सोपवता हार्डवेअरकडे द्यावी लागते. हे साधलं की एक गंमत आपोआप जमते. विलंबाचं बटण फिरवताना जुन्या पेडलमधून निघणारा भोंग्यासारखा चढता-उतरता सूर वेगळा घडवावा लागत नाही, कारण आत अडकलेले नमुने नव्या वेगाने बाहेर पडतात.

पायांची जोडणीही वाटते तितकी सरळ नाही. एमएन३००७ ला उणे १५ व्होल्टपर्यंतचा पुरवठा लागतो. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये मग तिचा ग्राउंडचा पायच अधिक नऊला जोडतात. बदली चिपमधल्या ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला या उलट्या जगात वावरायचं, तर मधे पातळी बदलणारं सर्किट हवं, आणि तेही आठ पायांच्या जागेत.

राहिले दोष. मूळ चिपमध्ये प्रत्येक सरकवणीत थोडा भार मागे राहतो, त्यामुळे तीव्र स्वर बोथट होतात. कॉलिन रॅफेल आणि ज्युलियस स्मिथ यांनी २०१० मध्ये अशा सर्किटांचं गणिती प्रारूप मांडलं. मार्टिन होल्टर्स आणि ज्युलियन पार्कर यांनी २०१८ मध्ये चिप आणि तिच्या आजूबाजूचे फिल्टर यांचा एकत्रच हिशेब केला. मला तो एकत्र विचार पटतो. डिले पेडलच्या ज्या उबदारपणाचं श्रेय चिपला मिळतं, त्यातला मोठा वाटा शेजारच्या फिल्टरचा आणि आवाज आधी दाबून नंतर उलगडणाऱ्या कंपँडरचा असतो. ते भाग बोर्डावर शाबूत आहेत. बदली चिपने आपला जादा बोथटपणा त्यात ओतला, तर आवाज दोनदा गाळला जाईल.

उलट एक दोष मुद्दाम घालावा लागतो. विरत जाणाऱ्या प्रतिध्वनीच्या शेपटीत डिजिटल पायऱ्या करकरतात, त्या झाकायला बारीकशी सळसळ मिसळतात. शिवाय इनपुटवरचा बायस, म्हणजे आवाजाची लाट जिच्यावर झुलते ती स्थिर व्होल्टेज-पातळी, ठरवणारा ट्रिमपॉट आहेच. तो चुकला की मूळ चिप लाटेची एक बाजू आधी कापते, आणि ऑसिलोस्कोपवर दोन्ही बाजू सारख्या कापल्या जाईपर्यंत कारागीर तो फिरवत राहतो. बदली चिपने बायसकडे काणाडोळा केला, तर स्क्रू कितीही पिळला तरी पडद्यावर काही हलणार नाही, आणि कारागीर बिचारा बिघाड दुसरीकडेच शोधत बसेल.