सूर्यास्तापूर्वीचे हलके ताट

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. वडिलांच्या रक्तातील साखर वाढल्याचे तपासणीत आढळले आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या : तळलेले पदार्थ बंद करा आणि प्रत्येक जेवणाआधी वाटीभर कच्च्या भाज्या खा. ऐकायला सोपे, पण वडिलांची पेढी झवेरी बाजारात, घर बोरिवलीला आणि चौविहाराचा नियम तीस वर्षांचा. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जूनअखेर तोच सव्वासातनंतर. पेढी आठला बंद होते. त्यामुळे संध्याकाळचे जेवण बाजारातच उरकावे लागते आणि आजवर ते गाठिये, फरसाण, फार तर एखादे टोस्ट सँडविच यांवर भागत असे. आपल्यापैकी अनेक घरांतील कर्त्या माणसांचे असेच चालते. नियम पाळला जातो आणि प्रकृतीकडे दुर्लक्ष होते. नियम आणि प्रकृती ही दोन्ही सांभाळणारे ताट या शहरात कोठे मिळते, याचा शोध मी त्या हिवाळ्यात घेतला.

‘जैन सॅलड’ नावाचा घोटाळा

आरंभ फसगतीने झाला. एका नव्या, काचेच्या दारांच्या उपाहारगृहात वडिलांना घेऊन गेलो. पत्रिकेत ‘जैन सॅलड’ असे स्पष्ट छापलेले होते. बशी आली ती गाजराच्या काड्या आणि बीटाच्या चकत्या मिरवीत. वेटरला विचारले, तर तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, जैनच आहे. कांदा-लसूण घातलेलाच नाही.” वरून घातलेल्या आंबटगोड रसात मध होता, हे पुढच्या प्रश्नावर कळले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी बशी हलकेच बाजूला सारली, दोन घोट पाणी घेतले आणि घड्याळाकडे पाहिले. सूर्यास्ताला वीस मिनिटे होती. त्या संध्याकाळी ते उपाशीच घरी आले.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘जैन’ या एका शब्दात आपण किती गोष्टी गृहीत धरतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पाकिटावरील हिरवा ठिपकाही येथे पुरेसा ठरत नाही. आपल्या अन्नकायद्याच्या व्याख्येत मध मांसाहारात धरलेला नाही. त्यामुळे मध असलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असतो, आणि बटाट्याच्या वेफर्सवर तर असतोच. म्हणून आता आम्ही ‘जैन द्या’ असे न म्हणता नेमके विचारतो : गाजर, मुळा, बीट, आले आहे का? वरच्या रसात मध किंवा लसूण आहे का? मेयोनीज अंड्याचे की बिनअंड्याचे? अळंबी आहेत का? कोबी काही घरांत चालतो, काहींत नाही. मोड आलेल्या कडधान्यांबाबतही परंपरेगणिक वेगळा आचार आहे. तेथे आपल्या घरची रीत प्रमाण मानावी. पालेभाजी चातुर्मासात वर्ज्य असली तरी कार्तिकी पौर्णिमेनंतर बहुतेक घरांत पुन्हा सुरू होते.

आणखी एक बाब घाईत हमखास निसटते, ती द्विदलाची. कच्चे दही किंवा ताक डाळी-कडधान्यांबरोबर चालत नाही. हल्ली ‘प्रथिनयुक्त’ म्हणून मिळणाऱ्या वाडग्यांत उकडलेल्या चण्यांवर दह्याचा थर सर्रास असतो. दही निराळ्या वाटीत मागून घेतले तरी एकाच जेवणात दोन्ही आल्याने अडचण कायम राहते. अशा वेळी दही काढून लिंबू पिळून घ्यावे.

बाजाराच्या गल्लीत

झवेरी बाजाराच्या खाऊगल्लीत मिळणारा खिचिया पापड आपल्या पिढ्यांच्या ओळखीचा. तांदळाचा जाड पापड निखाऱ्यावर भाजून त्यावर बारीक चिरलेली काकडी, टोमॅटो, कोथिंबीर आणि मसाला पसरतात. लोणी व शेव वगळायला सांगितली, भाज्या दुप्पट मागितल्या, की हे एक हलके खाणे होते.

जवळच भगत ताराचंद आहे. 1895 मध्ये कराचीत सुरू झालेली ही खाणावळ फाळणीनंतर मुंबईत आली. फुलके, एखादी रसभाजी आणि बिनकांद्याची काकडी-टोमॅटोची कचुंबर एवढे घेतले की पोट जड होत नाही. काचेच्या बाटलीतील ताकाचा मोह येथे अनेकांना पडतो. ते घ्यायचे असेल, तर डाळ टाळावी. काळबादेवीच्या दादीशेठ अग्यारी गल्लीतील श्री ठाकर भोजनालय 1945 पासून गुजराती थाळी वाढते. आग्रह दांडगा असल्याने मधुमेही माणसाने तेथे हात आडवा धरण्याची तयारी ठेवूनच बसावे. दक्षिण मुंबईत काही ठिकाणी संघांच्या वतीने चौविहारगृहेही चालतात. तेथील जेवण साधे आणि वेळेवर असते, आणि तेथे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

चौपाटी ते ताडदेव

गिरगाव चौपाटीवरील भेळ हीदेखील एक प्रकारची कोशिंबीरच. कांदा-बटाटा आणि लसणाची चटणी वगळून कुरमुरे, कैरी, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबू एवढ्यावर ती उत्तम जमते. गोड चटणीत गूळ असतो, म्हणून वडिलांसाठी ती फक्त चमचाभर.

ताडदेवचे स्वाती स्नॅक्स 1963 पासूनचे. तेथील पानकी अवश्य चाखावी. तांदळाच्या पिठाचा पातळ थर केळीच्या दोन पानांमध्ये घालून तव्यावर भाजतात. पान सोलले की पापुद्रा अलगद सुटतो. तेल नावापुरते. अर्थात तांदूळ तो तांदूळच, तेव्हा साखर असलेल्याने एका बशीवर थांबावे. संध्याकाळची रांग मोठी असते. सूर्यास्त गाठायचा असेल त्याने ती लागण्याआधीच पोहोचावे. ताडदेवलाच कच्च्या केळ्याची जैन पावभाजीही प्रसिद्ध आहे. तिच्यावरील लोणी पाहता आम्ही ती सणासुदीसाठी राखून ठेवली.

माटुंगा आणि वांद्रे-कुर्ला

मध्य मुंबईत राहणाऱ्यांनी माटुंग्याकडे वळावे. तेथे रामा नायकांची उडपी खाणावळ 1942 पासून केळीच्या पानावर जेवू घालते. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे आणि लिंबू यांची कोसंबरी हा उडपी स्वयंपाकातील पदार्थ आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण शोभावा. त्यात दही नसल्याने द्विदलाचा प्रश्न येत नाही. ती घरी दहा मिनिटांत होते आणि डब्यातही टिकते. काही जण तिच्यात गाजर किसून घालतात, एवढे मात्र आधी विचारावे.

2010 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि ऑपेरा हाऊसचा हिऱ्यांचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला. त्या परिसरात आता सॅलडची नवी दुकाने दिसतात. मांडणीवर भाज्यांची पात्रे असतात. आपण बोट दाखवायचे आणि समोरचा वाडग्यात घालतो. तेथे मला माझ्या शोधाचे उत्तर मिळाले. आपल्यासाठी सर्वांत खात्रीचे ठिकाण म्हणजे जेथे पदार्थ आपल्या डोळ्यांसमोर चिरला आणि कालवला जातो. मग ते वातानुकूलित दुकान असो वा पदपथावरील गाडी. बंद स्वयंपाकघरातून येणाऱ्या बशीविषयी दहा प्रश्न विचारावे लागतात. समोर चिरणाऱ्याला एकदा सांगितले की पुरते.

पेढीच्या कोपऱ्यावर

वांद्र्याचे ते दुकान वडिलांना दूर पडले असते. म्हणून आम्ही पेढीच्या कोपऱ्यावरील सँडविचवाल्याशी बोललो. काकडी, टोमॅटो, सिमला मिरची त्याच्याकडे होतीच. वाफवलेले मूग आम्ही घरून डब्यात देऊ लागलो. पाव नको, लोणी नको; सगळे बारीक चिरून द्रोणात, वर लिंबू आणि मिरपूड. कांदा-बटाट्याची सुरी वेगळी ठेवण्याची विनंती केली, तेव्हा त्याने आनंदाने दुसरी सुरी आणि दुसरी फळी आणली. फाल्गुनात पुन्हा तपासणी झाली. साखर काहीशी उतरली होती. डॉक्टरांनी पथ्य तसेच चालू ठेवायला सांगितले.

आता शेजारच्या तीन पेढ्यांतील मंडळीही त्याच वेळी तेथे जमतात. दिवस मोठा होत गेला तशी द्रोणाची वेळही पुढे सरकली. परवा मी बाजारात गेलो, तेव्हा सँडविचवाला हातातील काकडी थांबवून वडिलांना विचारीत होता, “शेठ, आज सूर्यास्त किती वाजता?”