प्रवाळाचा रंग का पालटतो?

घरच्या काचटाकीतील अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळाचा रंग पालटू लागला म्हणजे औषधाची बाटली हुडकण्यापूर्वी, त्या जिवाच्या पेशींत वास करणाऱ्या सोनेरी-तपकिरी सूक्ष्म शैवालांची अवस्था काय आहे, याची तपासणी करणे अगत्याचे आहे. पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साचले अथवा प्रकाश अपुरा पडला, की ही शैवाले दाटतात आणि निळाजांभळा प्रवाळ मातकट दिसू लागतो. तो कुरूप भासला तरी बहुधा धडधाकट असतो. उलटपक्षी प्रखर दिवा, चढलेले तापमान किंवा पोषकद्रव्यांचा दुष्काळ यांमुळे शैवाले घटतात व प्रवाळ फिकटतो. येथे भिंग घेऊन निरखावे: शुभ्र सांगाड्यावर पारदर्शक त्वचा व इवले स्पर्शक शाबूत असतील तर ते विरंजन होय, आणि प्रवाळ सावरण्यास अद्याप वाव आहे, परंतु बुडापासून त्वचाच सोलून निघत असेल, तर अल्कलिनिटी एकाएकी चढली-उतरली काय, हे त्याच दिवशी मोजावे. केवळ शेंडे पांढरे असणे हे पुष्कळदा वाढीचेच लक्षण. मोजमापांची तारीखवार नोंद ठेवून एका वेळी एकच फेरफार करावा, कारण गेलेला रंग परतण्यास कित्येक आठवडे लागतात. भारतात मात्र कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ते समुद्रातून उचलणे हा गुन्हा आहे.