जहाजाच्या डोलकाठ्यांवर उभं राहिलेलं चर्च

लंडनच्या सिटी रोडवरचं वेस्लीज चॅपल म्हणजे मेथडिस्टांची पंढरीच. या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली १७३९ पासून जवळच्याच तोफांच्या एका पडक्या ओतशाळेत प्रवचनं देत. पुढे शहराचे वास्तुविशारद जॉर्ज डान्स (धाकटे) यांच्या आराखड्यावर हे चर्च उभं राहिलं आणि १ नोव्हेंबर १७७८ला खुलं झालं.

बाहेरून साधं विटांचं बांधकाम, खिडक्या कमानीच्या. खरी गंमत आत आहे! सज्जा पेलायला तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेल्या जहाजाच्या डोलकाठ्या वापरल्या होत्या. वेस्लींच्या स्मृतिशताब्दीला, १८९१मध्ये, देशोदेशींच्या मेथडिस्टांनी जास्परचे खांब भेट दिले आणि डोलकाठ्या हलल्या. मला विचाराल तर लाकडीच शोभत असतील. सज्जाच्या कठड्यावरची नक्षी नीट बघा: मधे कबुतर, भोवती वेटोळं घातलेला साप.

शेजारीच वेस्लींचं घर, मागे समाधी. रस्त्यापलीकडच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत त्यांच्या आई सुझॅना विसावल्यात. मार्गारेट थॅचर यांचं लग्नही याच चर्चमधलं, १९५१चं. आणि हो, थॉमस क्रॅपर कंपनीची व्हिक्टोरियन काळातली पुरुषांची स्वच्छतागृहंही इथे जपून ठेवलीत. लोक तीसुद्धा हौसेने बघायला येतात!